एकाच घरातलं लोह

गेल्या दिवाळीत परभणीला घरी गेले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फडताळात मिठाच्या बरणीमागे लाल गोळ्यांची पाकिटं दिसली. सरकारी दवाखान्यातून मिळतात त्या, लोहाच्या. आशाताईंनी आईला आणून दिलेल्या. पाकिटं अर्धीअधिक रिकामी होती. मला बरं वाटलं. आई स्वतःचं औषध वेळेवर घेते, ही आमच्या घरात बातमीच.

दोन दिवसांनी कळलं, की त्या गोळ्या आई नाही, अप्पा घेत होते.

"त्यांना अशक्तपणा आलाय," आई म्हणाली. "जिना चढला की धाप लागती. मला काय झालंय? मी हिंडती-फिरती हाये."

अप्पा मोंढ्यात एका अडत दुकानात हिशेब लिहितात. वय बावन्न. गेली पंधरा वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर. भांडण नाही, आरडाओरडा नाही, त्यामुळे आमच्याकडे त्याला 'पिणं' कुणी म्हणत नाही. 'अप्पा जरा बसतात' असं म्हणतात. आई सेहेचाळीस वर्षांची. पाळीत अंगावरून फार जातं, पण ते कुणाला सांगायचं नसतं.

मी दोघांनाही धरून रक्त तपासायला नेलं. संध्याकाळी दोन कागद हातात आले. आईचं हिमोग्लोबिन ८.९, अप्पांचं ११.२. म्हणजे रक्त दोघांचंही कमी. पण खाली फेरिटिन नावाची ओळ होती. शरीरानं साठवून ठेवलेलं लोह किती, याचा अंदाज त्यावरून येतो. आईचं फेरिटिन ६. अप्पांचं ९४०.

डॉक्टरांनी अप्पांचा कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "यांना लोहाच्या गोळ्या कुणी द्यायला सांगितल्या?"

कुणीच सांगितल्या नव्हत्या. आईनं प्रेमानं दिल्या होत्या.

मी इतिहासात एम.ए. केलंय. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. पण त्या रात्री ते दोन कागद शेजारी ठेवून बसले, तेव्हा वाटलं, की हा फक्त दवाखान्याचा विषय नाही. एकाच छताखाली, एकाच तव्यावरची भाकरी खाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या अंगात लोहाचा ढीग आणि दुसरीच्या अंगात खडखडाट कसा होतो, याला मोठा इतिहास असणार. तो शोधत गेले. सापडलं ते मांडते.

जमा आणि खर्च

अप्पांना समजेल अशा भाषेत, म्हणजे खतावणीच्या भाषेत, आधी हिशेब सांगते.

माणसाच्या अंगात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं, एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं बरंचसं रक्तात फिरत असतं. उरलेलं साठ्यात, मुख्यतः यकृतात. धडधाकट पुरुषाचा साठा साधारण एक ग्रॅम. बाईचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, अनेकींचा तेवढाही नाही.

आता खर्च. १९३७ साली मॅककॅन्स आणि विडोसन या दोन ब्रिटिश संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. मीठ जास्त झालं तर लघवीतून जातं. लोह तसं जात नाही. त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज सुमारे एक मिलिग्रॅम जातं, तेवढंच. म्हणून शरीर सगळा ताबा ठेवतं ते आत येण्याच्या दारावर.

बाईच्या खात्यात मात्र खर्चाची आणखी एक नोंद असते. एका पाळीत ३५ मिलिलिटर रक्त गेलं, तर त्यासोबत साधारण १४ मिलिग्रॅम लोह जातं. महिन्यावर वाटलं तर रोजचं अर्धा मिलिग्रॅम. ज्यांना जास्त जातं त्यांचं दुप्पट-तिप्पट. एका गरोदरपणात सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे पुरुषाचा अख्खा साठा. ते आणायचं कुठून?

दारावर पहारेकरी आहे. त्याचं नाव हेप्सिडिन. तो यकृतात तयार होतो, आणि २०००-२००१ च्या सुमारास तो शास्त्रज्ञांच्या हाती लागला. साठा भरला की यकृत जास्त हेप्सिडिन सोडतं आणि आतड्यातलं दार बंद होतं. साठा आटला की हेप्सिडिन कमी होतं आणि दार उघडतं.

दारू नेमकी या पहारेकऱ्याला झोपवते. रोज पिणाऱ्याचं यकृत हेप्सिडिन कमी बनवतं. साठा भरलेला असतानाही दार उघडंच राहतं. गंमत म्हणजे दारूत लोह नसतं. देशी असो की विलायती, ऊर्ध्वपातन झालेल्या दारूत लोह जवळपास शून्य. लोह येतं ते जेवणातून. दारू फक्त दार उघडं ठेवते.

पुरुषाच्या खात्यात जमा वाढते आणि खर्च तेवढाच राहतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं साचत जातं. साचलेलं लोह यकृताला गंजवतं, दारू आधीच यकृत पोखरत असते, आणि दोन्ही मिळून काम लवकर संपवतात. त्यात यकृताला सूज आली की फेरिटिन आणखी वाढतं. म्हणून नुसत्या फेरिटिनवरून निदान करत नाहीत. रक्तातल्या लोहवाहकाची टक्केवारी पाहतात, यकृत तपासतात. अप्पांचंही तसंच केलं. लोह खरोखरच जास्त निघालं, आणि यकृतात चरबी.

मग त्यांचं हिमोग्लोबिन कमी कसं? कारण रक्त नुसत्या लोहानं बनत नाही. फोलिक ॲसिड लागतं, आणि दारू त्याचं शोषण बिघडवते. शिवाय अस्थिमज्जेत जिथं रक्तपेशी तयार होतात, तिथंही दारू विषासारखी काम करते. पेशी कमी होतात, आणि ज्या होतात त्या फुगलेल्या. अप्पांच्या कागदावर पेशींचा आकार १०६ होता, आईच्या ६८. सर्वसाधारण माणसाचा ८० ते १०० असतो. अप्पांच्या पेशी मोठ्या होत्या कारण फोलिक ॲसिड नव्हतं. आईच्या बारीक होत्या कारण लोह नव्हतं. दोघांचाही अशक्तपणा खरा. पण एकाचं औषध दुसऱ्याला विष.

गुत्ता

आता इतिहास. आमच्याकडे मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. रस्त्याचा गुत्तेदार, पुलाचा गुत्तेदार. गुत्ता म्हणजे ठेका. पण उभ्या महाराष्ट्रात 'गुत्ता' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो दारूचा. ठेक्याचा अर्थ मागे पडला आणि दारूचा तेवढा उरला, यावरून कुठला ठेका लोकांच्या आयुष्यात सगळ्यांत खोल रुतला होता, हे कळतं.

१९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाच्या तिजोरीत आबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा, वाटा फार मोठा. १३१६ फसलीचा, म्हणजे १९०६-०७ च्या सुमाराचा, हैदराबाद आबकारी कायदा त्यासाठीच होता. झाड शेतकऱ्याच्या बांधावर असलं, तरी त्याला चीर पाडून शिंदी काढायचा हक्क सरकारचा. सरकार तो लिलावात गुत्तेदाराला देणार, आणि गुत्तेदार गावात दुकान मांडणार. गोदावरी आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नाल्यांकाठची शिंदीची झाडं म्हणजे निजामाची उभी तिजोरी.

म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात ती झाडं तोडणं हा लढ्याचा कार्यक्रम झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील व्हा अशी हाक दिली. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन शिंदीच्या बनांत शिरले. एम.ए.ला असताना हे वाचलं होतं, आणि मला ते आर्थिक बहिष्काराचं उदाहरण म्हणून पाठ होतं. पाच मार्कांची टीप.

आजीला विचारलं तेव्हा ती वेगळंच बोलली. तिच्या सासऱ्यांची बाजारच्या दिवशीची मजुरी घरी यायच्या आधी गुत्त्यावर जायची. "झाडं तोडली तवा बायांनी साखर वाटली," ती म्हणाली. "निजाम गेला म्हणून नव्हं. गुत्ता गेला म्हणून."

गुत्ता गेला नाही, हे तिलाही नंतर कळलंच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तिथं १९४९ चा दारूबंदी कायदा होता, तो पुढे इकडेही लागू झाला. मग साठच्या दशकात तो सैलावत गेला, परवाने आले, देशी दारूची दुकानं आली. आजही महाराष्ट्रात दारू विकली जाते ती त्याच दारूबंदी कायद्याखाली. कागदोपत्री पिणाऱ्यानं परवाना काढायचा असतो, आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं: आरोग्याचं रक्षण आणि संवर्धन. अप्पांना हे वाचून दाखवलं. ते हसले, आणि मग बराच वेळ गप्प बसले.

ज्वारीची बिअर

लोह आणि दारू यांचं नातं जगाला सगळ्यांत ढळढळीत दिसलं ते दक्षिण आफ्रिकेत, आणि तेही आपल्या ओळखीच्या धान्यातून.

१९२९ साली स्ट्रॅचन नावाच्या डॉक्टरनं जोहान्सबर्गमधल्या शवविच्छेदनांवर प्रबंध लिहिला. तिथं मेलेल्या अनेक कृष्णवर्णीय पुरुषांची यकृतं लोहानं भरलेली होती. इतकं लोह कुठून आलं, याचा माग पुढच्या काही दशकांत लागला. घरी गाळलेल्या बिअरमधून. ही बिअर बनायची ज्वारी आणि मक्यापासून, आणि आंबवली जायची लोखंडी भांड्यांत, पिंपांत. आंबताना आम्ल तयार होतं, आम्लात भांड्याचं लोखंड उतरतं, आणि अशा रूपात उतरतं की शरीराला ते सहज शोषता येतं. बिअर गाळलेली असली तरी ऊर्ध्वपातन झालेली नसते, त्यामुळे लोह तिच्यातच राहतं. काही पुरुषांच्या पोटात या बिअरमधून रोज ५० ते १०० मिलिग्रॅम लोह जायचं. गरज एका मिलिग्रॅमची.

पिणाऱ्यांत बायकाही होत्या. पण भरलेली यकृतं दिसली ती मुख्यतः मध्यमवयीन पुरुषांची. मासिक पाळी आणि बाळंतपणं बायकांच्या खात्यातून लोह काढत होती. पाळी थांबल्यावर मात्र त्यांचाही साठा चढायला लागायचा. १९९२ साली झिंबाब्वेतल्या अभ्यासानं सुचवलं, की नुसती बिअर नाही, काही कुटुंबांतली आनुवंशिक प्रवृत्तीही त्यामागे असावी. म्हणून सगळ्याच पिणाऱ्यांचं सारखं होत नाही.

आपल्याकडे ज्वारीची वाट वेगळी झाली. परभणीची ज्वारी भाकरीत गेली. भाकरीतलं लोह शरीराला मिळणं अवघड, कारण धान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं. बिअर आंबताना हे फायटेट बरंचसं सुटतं, भाकरी थापताना सुटत नाही. एकाच दाण्यानं आफ्रिकेतल्या पुरुषाचं यकृत भरलं, आणि गंगाखेड-पालमच्या बाईला रोज तीन-चार भाकरी खाऊनही रक्त पुरलं नाही. पुढे २००७ नंतर महाराष्ट्रात धान्यापासून मद्य बनवायच्या कारखान्यांना सरकारी प्रोत्साहन देण्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी कामी येईल, असं एक समर्थन होतं. तो वाद वाचताना मला जोहान्सबर्ग आठवत राहिलं. फरक एवढाच, की कारखान्यातल्या दारूत ज्वारीचं लोहसुद्धा उरत नाही.

बायकांची दारू

इथपर्यंत वाचून वाटेल, की पुरुष पितात आणि बायका पीत नाहीत, एवढीच ही गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे तसंच सांगतात. महाराष्ट्रात दारू घेणारे पुरुष सुमारे १४ टक्के, बायका अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि त्याच पाहणीत रक्तक्षय असलेल्या बायका सुमारे ५४ टक्के, पुरुष सुमारे २२ टक्के.

पण आमच्या घरातल्या बायकाही दारू प्यायल्या आहेत. फक्त बाटलीवर वैद्याचं नाव होतं. आईला माझ्या वेळी बाळंतपणानंतर सव्वा महिना दशमूलारिष्ट दिलं होतं. त्याआधी मावशीला, त्याआधी आजीला. आसव आणि अरिष्ट ही आंबवलेली औषधं. त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे बिअरएवढं किंवा जास्त. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आणि त्यातलंच एक लोहासव. नावातच लोह आणि आसव. शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, त्याचा पाठ आहे. पांडुरोगावर, म्हणजे अंग पिवळंफटक पडण्यावर, ते देतात. पांडुरोगाला लोह द्यावं हे त्याहून कितीतरी जुन्या चरकसंहितेतही आहे. युरोपात तरुण मुलींच्या याच फिकटपणाला 'हिरवा आजार' म्हणायचे, आणि फ्रान्समधल्या ब्लो यांच्या लोहाच्या गोळ्या १८३२ मध्ये आल्या. लोह आंबवून द्यावं हे आपल्या वैद्यांना कुठल्या अनुभवातून सुचलं असेल, यावर मी विचार करत राहिले. आम्लात लोह विरघळतं, हे जोहान्सबर्गच्या पिंपानं सांगितलंच आहे.

या औषधी दारूनं एकदा सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. मुंबई राज्य विरुद्ध फ. न. बलसारा हा १९५१ चा खटला. दारूबंदी कायद्यात अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनंही सापडली होती. न्यायालयानं दारूबंदी मान्य केली, पण ती औषधं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी अवाजवी ठरवून रद्द केली. त्यामुळे घरातला पुरुष परवान्याशिवाय प्याला तर गुन्हेगार, आणि बाळंतीण त्याच घरात दोन चमचे घेते तर पथ्यपाणी.

दोन चमच्यांनी यकृत बिघडत नाही, ते सोडा. पण बाई खरंच प्यायली तर काय होतं? इथं लोक दोन टोकाच्या चुका करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारलेल्या २००४ च्या एका अभ्यासात दिसलं, की रोज दोन पेगांपर्यंत घेणाऱ्यांत लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता, आणि दोनच्या वर लोह साचण्याच्या खुणा वाढत होत्या. हे वाचून कुणी 'वाईन घे, रक्त वाढेल' म्हणेल. म्हणतातही. पण १९९० साली फ्रेझ्झा, लीबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की दारू मोडणारं एक विकर बाईच्या जठरात पुरुषापेक्षा कमी काम करतं. त्यात शरीरातलं पाणीही कमी. म्हणजे तेवढीच दारू बाईच्या रक्तात जास्त पोचते, आणि यकृत लवकर बिघडतं. पाळी तिला लोहाच्या ढिगापासून काही वर्षं वाचवते. दारूपासून वाचवत नाही. आणि पाळी थांबली की तेही संरक्षण जातं.

मुंबईच्या गिरणीतल्या बाया

अप्पांच्या फुगलेल्या पेशींचा माग काढताना मी मुंबईत पोचले, १९२८ सालच्या.

लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर त्या वर्षाच्या अखेरीला मुंबईत आली. मार्गारेट बाल्फोर बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करत होत्या, त्यांना मदत म्हणून. परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू झालं. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय होत होता, आणि त्यांच्या रक्तपेशी बारीक नव्हत्या, मोठ्या होत्या. नुसतं लोह देऊन हा आजार हटत नव्हता.

विल्सनं त्यांच्या जेवणाकडे पाहिलं. उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. औषध सापडलं ते स्वस्तातल्या एका काळ्या लगद्यात, मार्माइटमध्ये. इंग्लंडात पावाला लावून खातात तो. तो दिल्यावर बायांचं रक्त भराभर भरून आलं. १९३१ मध्ये तिनं ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्यात नेमकं काय आहे हे माहीत नसल्यानं त्याला 'विल्स घटक' म्हणत. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला आणि नाव पडलं फोलिक ॲसिड.

आता मार्माइट कशापासून बनतं? बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून. दारू गाळून झाल्यावर तळाशी जो गाळ राहतो, त्यानं मुंबईच्या गिरणीतल्या बाया वाचल्या. आणि त्या गाळात जे होतं तेच, रोज वरचा पेला पिणारा माणूस आपल्या अंगातून घालवत असतो.

१९७० साली भारत सरकारनं गरोदर बायकांना गोळ्या वाटायचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा गोळीत लोहाबरोबर फोलिक ॲसिडही होतं. आजही असतं. आशाताईंनी आणलेल्या लाल गोळीत अर्धी गोष्ट लूसी विल्सची आहे. अप्पांना खरी गरज होती ती त्या अर्ध्या गोष्टीची. दुसऱ्या अर्ध्याची गरज आईला होती.

आडवी बाटली

महाराष्ट्रात दारूविरुद्ध बायका उठल्या त्याचा इतिहास सांगायला वेगळा लेख लागेल. सत्तरच्या दशकात शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. १९९२ मध्ये शेजारच्या आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायांनी अर्कचं दुकान बंद पाडलं. आपल्याकडे मतदानाची वाट निघाली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला, तर दुकान बंद. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. बाटली आडवी करणाऱ्या गावांच्या बातम्या आपण वाचतो.

या सगळ्या चळवळींत मारहाण, कर्ज, मोडलेले संसार यांबद्दल बोललं गेलं, आणि ते योग्यच. पण मी एक प्रश्न त्यात घालीन. बाटली उभी असलेल्या घरात औषध, अंडं, पालेभाजी, डाळ आधी कुणाच्या ताटात पडते? आमच्याकडे मारहाण नव्हती. कर्ज नव्हतं. तरी आईच्या अंगातलं लोह अप्पांच्या यकृतात जाऊन बसलं होतं. अगदी शब्दशः. सरकारनं तिच्या नावानं पाठवलेलं लोह.

हे तिला सांगितलं तेव्हा तिला आधी स्वतःबद्दल काही वाटलं नाही. "म्हंजे मीच त्यांना इतके दिस चुकीचं देत होते?" एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. तिला समजावायला मला जितका वेळ लागला, तितका कुठलाही शोधनिबंध वाचायला लागला नाही.

शक्ती

परभणीबद्दल एक शेवटची गोष्ट. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ज्वारीचं एक वाण काढलं. २०१८ मध्ये ते प्रसारित झालं. नाव 'परभणी शक्ती'. भारतातलं जैवसंपृक्त ज्वारीचं हे पहिलं वाण. नेहमीच्या ज्वारीत किलोला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असतं, यात सुमारे ४५. जस्तही जास्त.

मी हिशेब करून पाहिला. रोज ३०० ग्रॅम पीठ धरलं, तर ९ मिलिग्रॅमच्या जागी साडेतेरा मिलिग्रॅम. त्यातलं शंभरातलं पाच जरी शोषलं गेलं, तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतलं शोषण पाऊण मिलिग्रॅमच्या जवळ जातं. म्हणजे सर्वसाधारण पाळीत जातं त्याची जवळपास निम्मी भरपाई, आईला जास्त जातं म्हणून तिची त्याहून कमी. सोबत लिंबू पिळलं, जेवणाबरोबरचा चहा टाळला, तर आणखी थोडं. हे औषध नाही, ८.९ चं १२ करायला गोळ्याच लागतात. आणि पाळीत एवढं का जातं, तेही तपासावं लागतं. पण दुष्काळी मराठवाड्याच्या एका जिल्ह्याचं नाव घेऊन बाईच्या रक्ताचा विचार करणारा दाणा पिकतो, याचा मला अभिमान वाटला.

अप्पांनी पिणं थांबवलं आहे. एका दिवसात नाही. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर अंग थरथरतं, झटकेही येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मध्ये दोनदा घसरले. फोलिक ॲसिड चालू आहे, लोह पूर्ण बंद. चौथ्या महिन्यात फेरिटिन ५१० वर आलं. आईचं हिमोग्लोबिन १०.८. तिला बाईडॉक्टरांकडे नेलं, गर्भाशयात गाठ निघाली, साधी. उपचार चालू आहेत.

मागच्या आठवड्यात फोनवर तिला विचारलं, गोळ्या घेतेस ना?

"घेते," ती म्हणाली. "तुझ्या अप्पांनीच वहीत रकाने आखलेत. रोज रात्री विचारत्यात, जमा झाली का म्हणून."